मॉरिस मायनरचे पुढचे ड्रम ब्रेक : स्क्रू पिळण्याआधी ड्रम उघडा

जुनी_चाकं

"ब्रेक कमी लागतात, जरा टाइट करून द्या." जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये असं सांगतो, मिस्त्री चाक उचलून स्क्रू पिळतो, पेडल वर येतं आणि गाडी घरी जाते. काही आठवड्यांनी पेडल पुन्हा खाली. मायनरच्या बाबतीत हे इतक्या वेळा पाहिलंय की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं. अ‍ॅडजस्टमेंट हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. आत काय चाललंय हे न बघता स्क्रू पिळला तर बिघाड फक्त लांबणीवर पडतो, आणि ब्रेकचा बिघाड लांबणीवर टाकायचा नसतो.

आधी गाडीबद्दल थोडं. मायनर १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये आली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान मोटर्सने हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काढली, शिवाय इंग्लंडहून थेट आलेल्याही बऱ्याच आहेत. चारही चाकांना लॉकहीड कंपनीचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, शू म्हणजे आतून त्यावर दाबले जाणारे कमानदार तुकडे. सुरुवातीपासून ९४८ सीसी इंजिनापर्यंत पुढचे ड्रम ७ इंची (१७८ मिमी) होते. १९६२ मध्ये १०९८ सीसी इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम ८ इंची (२०३ मिमी) झाले, मागचे ७ इंचीच राहिले. साठ-सत्तर वर्षांत कोणी कुठल्या गाडीचं काय कुठे बसवलंय याचा भरवसा नसतो, त्यामुळे शू मागवण्याआधी ड्रम मोजा. आरसीवरचं वर्ष बघून ऑर्डर देऊ नका.

पुढच्या ब्रेकची रचना नीट समजली तर निम्मं काम झालं. एका चाकात दोन व्हील सिलेंडर, एक वर, एक खाली. प्रत्येकात एकच पिस्टन आणि तो एकाच शूला ढकलतो. त्या शूचं दुसरं टोक समोरच्या सिलेंडरच्या बंद बाजूवर टेकतं. गाडी पुढे जात असताना ड्रम दोन्ही शूंना आपल्याबरोबर ओढतो आणि शू आणखी घट्ट बसतात, दाराखालची पाचर दार ढकललं की जास्त रुतते तसे. म्हणून पायाचा जोर कमी लागतो आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसताना गाडी थांबते. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रिव्हर्समध्ये ही मदत उलटी होते, चढावर गाडी मागे सरकायला लागली तर पुढचे ब्रेक फारसे धरत नाहीत. दुसरं म्हणजे लायनरच्या (शूवरच्या घासणाऱ्या थराच्या) पकडीत थोडा जरी फरक पडला तरी ब्रेकच्या जोरात तो मोठा होऊन दिसतो. एका चाकात थोडं ग्रीस किंवा पाणी शिरलं की स्टेअरिंग हातातून खेचलं जातं ते यामुळे.

आता पेडल काय सांगतं ते ऐका. पेडल खूप खाली जाऊन मग कडक होत असेल तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, म्हणजे झीज. स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की सगळ्या चाकांकडे तेल ढकलणाऱ्या सिलेंडरचं) रबर गेलंय. यातलं फक्त पहिलं अ‍ॅडजस्टरने, म्हणजे वर म्हटलेल्या स्क्रूने सुटतं.

उघडायला घेताना हँडब्रेक ओढा (तो मागच्या चाकांवर आहे, त्यामुळे पुढून गाडी उचलली तरी धरतो) आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, याबाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. ड्रम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) दोन स्क्रूंनी धरलेला असतो. हे स्क्रू गंजून बसतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की खाच मोडते आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. स्क्रू निघूनही ड्रम येत नसेल तर आधी दोन्ही अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा. झिजलेल्या ड्रमच्या काठावर एक कड तयार होते, त्यात शू अडकतात. मग लाकडी हातोडीने चहूबाजूंनी थोडं थोडं ठोका.

ड्रम निघाला की कंप्रेसरची हवा मारू नका. आपल्या गॅरेजांतली ही सगळ्यात वाईट सवय. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. शेजारी पोरगा बसून बघत असेल तर त्यालाही द्या, नाहीतर लांब बसवा.

मग सिलेंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलेंडर बाद, किंवा किमान उघडून तपासायचा. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या थाळीवर) काळा चिकट थर असेल तर ते हबच्या ऑइल सीलमधून आलेलं ग्रीस. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि जिथून वाहतं तिथला रंग सोलवटतो, त्यावरून दोन्हींतला फरक कळतो. दोन्हींपैकी काहीही लायनरवर आलं असेल तर तो शू गेला. पेट्रोलने धुऊन, ब्लो लँपने जाळून तो वाचवायचे प्रकार चालतात. लायनर आतपर्यंत तेल पितो आणि पहिल्यांदा गरम झाला की ते परत वर येतं. शू बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, एका बाजूचे कधीच नाही.

सिलेंडर उघडला तर रबर पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठी असलेलं लाल ग्रीस. नखाला खड्डा लागला तर सिलेंडर नवा घ्या, पॉलिश पेपर घासून खड्डा जात नाही.

बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात ते उंचवटे बघा. तिथे खाच पडली असेल तर शू तिरका चालतो आणि अडकतो. कानस मारून सपाट करा आणि उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी नावाला लावा. स्प्रिंगा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कुठली कुठल्या भोकात आणि शूच्या कुठल्या बाजूने हे बसवताना हमखास विसरतं.

ड्रममध्ये चरे असतील किंवा ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर लेथवर फिरवून घ्या, दोन्ही बाजू सारख्याच. त्यानंतर एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. ड्रमचा व्यास वाढला की नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही. ड्रमच्या आत खडू घासा, शू हाताने दाबून फिरवा आणि खडू कुठे लागला ते बघा. फक्त टोकांना लागला तर ब्रेक कचकन धरतो, फक्त मधोमध लागला तर बराच काळ अर्धाच लागतो. जिथे लागला तिथे कानशीने थोडं थोडं उतरवून पुन्हा बघायचं, कोरडं, सावकाश आणि मास्क लावूनच.

आता अ‍ॅडजस्टर. मायनरमध्ये त्याला मायक्रॅम म्हणतात. पिस्टन आणि शूच्या मध्ये बसणारी, पायऱ्या कापलेली छोटी गोल चकती, तिच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हरची खाच. पुढच्या प्रत्येक चाकात दोन मायक्रॅम असतात, ड्रमला भोक मात्र एकच. ड्रम फिरवून भोक पहिल्यासमोर आणायचं, घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत पिळायचं, मग एक खाच मागे. ड्रम अर्धा फिरवून दुसऱ्यासाठी तेच. चाक काढलेलं असेल तर दोन नट लावून ड्रम हबवर घट्ट बसवा, नाहीतर तो तिरका राहतो आणि अंदाज चुकतो. दोन्ही झाल्यावर पेडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू आपल्या जागी बसतात, आणि पुन्हा तपासा. चाक फिरवताना हलकी घासण्याची कुजबुज चालेल, अडखळणं चालणार नाही.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीत आहे, तो भरायचा तर कार्पेट उचलून फ्लोअरमधल्या भोकातून. ते गैरसोयीचं आहे म्हणून पातळी बघायचा आळस होतो. आणि हे एकाच सर्किटचं आहे, एका चाकाला गळती म्हणजे चारही ब्रेक गेले. म्हणून एवढा आग्रह.

---

घाटमाथा_५७

दादा, फार उपयोगाचा धागा. माझ्याकडे ९४८ सीसीची मायनर आहे, पुण्यात. पुढचे शू नवीन बसवले, दोन्ही बाजूंचे. गॅरेजवाल्याने हवाही काढली. तेव्हापासून ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. ताम्हिणी उतरताना भीती वाटली म्हणून गाडी लावून ठेवली आहे. गॅरेजवाला म्हणतो लायनर बसले की आपोआप जाईल. थांबू का?

---

जुनी_चाकं

थांबू नका, आणि तोपर्यंत घाटात नेऊ नका. नवे लायनर बसेपर्यंत ब्रेक थोडा कमी लागतो हे खरं, पण दोन्ही बाजूंना सारखाच कमी लागतो.

डावीकडे ओढते याचा अर्थ डावा जास्त लागतोय किंवा उजवा कमी. अनुभवाने सांगतो, बहुतेक वेळा दुसरं असतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून चार-पाच वेळा ब्रेक मारा आणि उतरून दोन्ही ड्रमचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात ड्रमजवळ न्या, लावू नका. थंड ड्रम गुन्हेगार.

मग उजव्या बाजूला पहिली शंका ही की दुसरा मायक्रॅम कोणी पिळलाच नाही. मागच्या चाकाला एकच असतो, त्या सवयीने पुढेही एक पिळून पुढे जातात. तेव्हा दोन्हींपैकी एकच शू काम करतो. त्यानंतर दोन सिलेंडरना जोडणारी बॅकप्लेटमागची पाइप चेपलीय का ते बघा, तिथे स्टँड किंवा जॅक लागून चेपल्याचं पाहिलंय.

---

टेम्सकाठची_मराठी

माझी १९६७ ची ट्रॅव्हलर (मायनरचंच इस्टेट मॉडेल) आहे, इंग्लंडमध्ये. इथे मायनरचा जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो, मायक्रॅमसुद्धा. म्हणून गंजलेला अ‍ॅडजस्टर वाचवण्यात वेळ घालवू नका, कोणी नातेवाईक येत असेल तर चार जोड्या मागवून ठेवा. वजन काहीच नाही.

आणखी एक. २०१८ पासून इथे ४० वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. त्यामुळे आता ब्रेककडे त्रयस्थ नजरेने बघणारं कोणीच नाही. मी दरवर्षी पैसे देऊन स्वेच्छेने करून घेते, रोलरवर दोन्ही पुढच्या चाकांचा जोर आकड्यात कळतो. भारतात अशी सोय कुठे असेल तर जरूर वापरावी.

प्रश्न : सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेक ऑइल वापरावं का? इथल्या क्लबात यावर कायम वाद असतो.

---

जुनी_चाकं

ताई, माझं मत डॉट ४ च्या बाजूने. कोरडं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. घाटात ड्रम तापतो तेव्हा हा फरक कामाला येतो. ही दोन्ही तेलं हवेतली आर्द्रता शोषतात, म्हणून कोकणात किंवा मुंबईत असाल तर दोन वर्षांनी पूर्ण बदला, रंग कसाही दिसो.

डॉट ५ पाणी शोषत नाही आणि रंग खराब करत नाही, म्हणून नुसती प्रदर्शनात उभी राहणारी गाडी असेल तर समजू शकतो. पण ते आधीच्या तेलात मिसळत नाही. सगळी रबरं बदलून, लाइन पूर्ण साफ करूनच भरावं लागतं. रस्त्यात अडचण आली तर महामार्गावरच्या कुठल्या दुकानात मिळणार? आणि ५.१ हे नाव ऐकून फसू नका, ते सिलिकॉन नाही, डॉट ४ च्याच कुळातलं आहे.

---

बीटलवेडा

मायनर नाही, पण आमच्या बीटलचा अनुभव जोडतो, कारण कोणी हा धागा वाचून बीटलवर तसंच करायला जाईल. बीटलच्या पुढच्या चाकात सिलेंडर एकच, दोन पिस्टनांचा. त्यामुळे एक शू ड्रमबरोबर ओढला जाणारा आणि दुसरा उलटा. अ‍ॅडजस्टर दातेरी चाकांसारखे. स्क्रू ड्रायव्हर भोकातून घालून दात पुढे सरकवायचे, चाक जाम झालं की ३-४ दात मागे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीटलचा ड्रम आणि हब एकच आहेत. ड्रम काढला म्हणजे बेअरिंग उघडलं. आधी बेअरिंगची ढील लावायची, ०.०३ ते ०.१२ मिमी, आणि मगच ब्रेक. बेअरिंग हलत असेल तर ब्रेक कितीही लावा, उपयोग नाही. शिवाय स्पीडोमीटरची केबल डाव्या पुढच्या चाकातून निघते. टोपीबाहेरची तिची पिन आधी काढा, नाहीतर ओढाओढीत केबल जाईल.

---

जुनी_चाकं

फार चांगली भर. मायनरमध्ये ड्रम वेगळा निघतो म्हणून लोक बेअरिंग विसरतातच. चाक वर-खाली धरून हलवून बघा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिनच्या ट्रनियनची (स्टेअरिंगबरोबर चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची) झीज. तिथली ढील काढल्याशिवाय ब्रेकवर गाडी सरळ राहत नाही. ट्रनियनना ग्रीस वेळेवर द्या, पण बॅकप्लेटवर ओघळलेलं पुसून घ्या.

---

महामार्ग४८

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढे डिस्क का बसवत नाही? आता एक्सप्रेसवेवर पुढची गाडी क्षणात थांबते. ड्रमची गाडी घेऊन तिच्यामागे राहणं म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. हा भावनेचा विषय नाही.

---

जुनी_चाकं

तुमची काळजी योग्य आहे आणि घाटात नियमित फिरणाऱ्याने डिस्कचा विचार करावा, हे मीही म्हणेन. ड्रम तापला की दोन गोष्टी एकदम होतात. लायनरची पकड कमी होते आणि ड्रम फुगून शूपासून लांब जातो, म्हणजे पेडलही खाली जातं. दोन्ही शू ओढले जाणारे असल्यामुळे पकड थोडी कमी झाली तरी जोर बराच पडतो. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते. हा फायदा खरा आहे.

पण डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते. पायाचा जोर जास्त लागतो, बूस्टर लावावा लागतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलेंडरचाही विचार करावा लागतो. मायनरचा मास्टर सिलेंडर काढायचा तर टॉर्शन बार (सस्पेन्शनची स्प्रिंगसारखी पिळणारी सळी) आड येतो. हे सगळं करणारा कारागीर असेल तर करा. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची डिस्क वेल्डिंगने जुळवून पुढचा-मागचा तोल बिघडवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ब्रेक मारला की पुढची चाकं आधी घसरतात आणि गाडी वळतच नाही. त्यापेक्षा नीट लावलेले ड्रम कितीतरी सुरक्षित.

आणि उतारावर गिअर. ज्या गिअरमध्ये चढलात त्यात उतरा. कुंभार्ली असो की आंबा, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरायची ही गाडी नाही. थोडा वेळ ठाम दाबायचा, मग पूर्ण सोडायचा, ड्रमला थंड व्हायला वेळ द्यायचा.

---

घाटमाथा_५७

दादा, सांगितल्याप्रमाणे केलं. उजवा ड्रम थंड निघाला. उघडला तर वरचा मायक्रॅम शूच्या खाचेत गंजून बसलेला, कधी फिरवलेलाच नव्हता. तो काढून साफ केला, ग्रीस लावलं, आता टिक-टिक फिरतो. दोन्ही बाजू पुन्हा लावल्या. ओढणं जवळपास गेलं.

पण नवीन प्रश्न. वीस मिनिटं चालवल्यावर उजवं चाक गरम होतं आणि ब्रेक सोडल्यावरही थोडं धरून ठेवतं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तर जड जाते. मायक्रॅम जास्त पिळला गेला असेल का?

---

जुनी_चाकं

जास्त पिळला असता तर सुरुवातीपासूनच धरला असता. ब्रेक मारल्यानंतर धरतोय म्हणजे दाब आत अडकतोय किंवा शू परत येत नाहीत. हे शोधायची सोपी रीत :

गाडी उचला, चाक जाम होऊ द्या. आता सिलेंडरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करा. तेल उडून चाक सुटलं तर दाब अडकला होता. सुटलं नाही तर दोष आतल्या सुट्या भागांत, अडकलेला पिस्टन किंवा ढिली स्प्रिंग.

दाब अडकला असेल तर पुन्हा जाम करा आणि यावेळी रबरी होज जिथे धातूच्या पाइपला जोडलाय तो वरचा जॉइंट सैल करा. तिथे सुटलं तर दोष मागे मास्टर सिलेंडरकडे, पण तसं असेल तर दोन्ही पुढची चाकं धरायला हवीत. तेव्हा पेडलची मोकळी ढील आहे का ते आधी बघा, ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परतायचं छोटं भोक बंद राहतं. वरच्या जॉइंटला सुटलं नाही आणि निपलला सुटलं, तर होज. बाहेरून नवा दिसतो, आतून फुगून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने तेल आत जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

एकच चाक धरतंय म्हणून माझा अंदाज होजचा आहे. निघाला तर डावाही बदला, आणि मागचा तिसरा होजसुद्धा. वय सगळ्यांचं सारखंच असणार.

---

घाटमाथा_५७

होजच होता. कापून बघितला, आत सुईसुद्धा जात नव्हती. तिन्ही बदलले, हवा तुम्ही दिलेल्या क्रमाने काढली. आता चाक बोटाने फिरतं आणि ब्रेक सरळ लागतो. पुन्हा अ‍ॅडजस्ट कधी करू?

---

जुनी_चाकं

नवे लायनर आहेत, तर साधारण ३०० किलोमीटरने एकदा. सुरुवातीला जोरात ब्रेक टाळा आणि घाट तर टाळाच. तेव्हा पुढचे चारही मायक्रॅम एक-एक करून बघा, आणि मागचे दोनही. त्याच वेळी नव्या होजचे जॉइंट कोरड्या कागदाने पुसून कागद ओला होतो का ते तपासा, आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना, हे खाली वाकून स्वतः बघा.